गोळी आधी, तपासणी सहा आठवड्यांनी

८ डिसेंबर २०२५, सोमवार. त्या दिवशी मी नैराश्यावरची शेवटची गोळी घेतली. पहिली घेतली होती २३ सप्टेंबर २०२४ च्या रात्री. मधल्या सव्वा वर्षात काय झालं ते तारखांसकट लिहितोय. चिठ्ठी हातात घेऊन दवाखान्याच्या पायरीवर उभा होतो तेव्हा मला एवढंच हवं होतं, की कुणीतरी सांगावं: ही गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासतात का, तपासायला हवं का, आणि आपण तसं विचारलं तर डॉक्टर रागावतात का?

माझं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, तीन माणसं. शिरोलीकडच्या फाउंड्र्यांची कास्टिंग येतात, त्यांचं टर्निंग-बोअरिंग करून देतो. वय तेव्हा ४४. राहायला मंगळवार पेठेत.

सुरुवात कधी झाली हे नेमकं सांगता येत नाही. पण २०२४ च्या जुलैत पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, गल्लीतली पोरं पाणी बघायला धावली आणि मी स्वेटर घालून घरात बसून राहिलो, हे पक्कं आठवतंय. पुराच्या पावसात कोल्हापुरात गारवा असतोच, पण मला हाडात थंडी भरल्यासारखं व्हायचं. दहा तास झोपून उठलो तरी रात्रपाळी करून आल्यासारखं अंग जड. वजन ७१ चं ७८ झालं, जेवण मात्र निम्म्यावर आलेलं. पोट साफ होत नव्हतं. रंकाळ्यावरचं रोजचं फिरणं बंद झालं. मुलगा दहावीला, त्याच्या अभ्यासाचं विचारायचीसुद्धा इच्छा होईना. आणि रात्री डोक्यात यायचं, आपण जगून कुणाला काय उपयोग. काही करायचं ठरवलं नव्हतं, पण यायचं, आणि हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली एक दुपार. ५२ मिलिमीटरचा बोअर होता. मोजमाप घेतलं, आकडा वाचला, वहीत लिहायला वळलो आणि आकडा गेला. परत मोजलं, परत गेला. तिसऱ्यांदा तोंडानं मोठ्यानं म्हणत म्हणत वळलो, पेन टेकवलं, आणि पुढे काय लिहायचं ते समजेना. वीस वर्षं मी हे काम झोपेतही करत आलोय. त्या दिवशी चाळीस नग दोन दशांशनं मोठे जाऊन स्क्रॅपमध्ये पडले. आमचे जुने टर्नर, ज्यांना सगळे मामाच म्हणतात, त्यांनी माझ्या हातातलं मोजायचं साधन काढून घेतलं आणि म्हणाले, "मालक, तुम्ही जरा बसा की बाहेर. मी बघतो." बाहेर बाकड्यावर बसलो आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबेना.

९ सप्टेंबरला, गणपतीच्या दिवसांत, पेठेतल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बीपी बघितला, "धंद्याचं टेन्शन आहे" म्हणाले आणि बी-कॉम्प्लेक्सच्या दहा कॅप्सूल दिल्या. फी १५०. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तेव्हा बायकोनंच मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. मला लाज वाटत होती, म्हणून मुद्दाम आपल्या भागातला दवाखाना नको म्हणालो.

२३ सप्टेंबर. वेळ साडेपाचची, नंबर आला पावणेआठला. आत नऊ मिनिटं होतो, हे सांगतो कारण बायकोनं घड्याळ बघितलं होतं. झोप कशी, भूक कशी, रडू येतं का, मरणाचे विचार येतात का, हे विचारलं. शेवटच्या प्रश्नाला मी "कधीकधी" म्हणालो तेव्हा ते थांबले, बायकोला बोलावून घेतलं, गोळ्या तिच्या ताब्यात ठेवायला सांगितल्या. त्यासाठी मी त्यांचे आजही आभार मानतो. निदानही चुकीचं नव्हतं. पण नाडी बघितली नाही, वजन घेतलं नाही, आणखी कुठली औषधं चालू आहेत हे विचारलं नाही. नैराश्यावर एसिटालोप्राम १० मिलिग्राम रोज रात्री, झोप-चिंतेसाठी क्लोनाझेपाम पाव मिलिग्राम पंधरा दिवस. फी ६००. मी उठता उठता विचारलं, "डॉक्टर, रक्त-बिक्त तपासायला लागतंय काय?" ते म्हणाले, "याला रक्ताची तपासणी नसते." वाक्य खरंच आहे. नैराश्य दाखवणारी रक्ततपासणी अस्तित्वात नाही, मेंदूतलं सेरोटोनिन लॅबमध्ये मोजून मिळत नाही. पण माझा प्रश्न वेगळा होता, आणि तो नीट मांडायला मला त्या दिवशी शब्द सापडले नाहीत.

पहिले दहा दिवस वाईट गेले. मळमळ, तोंडाला कोरड, आणि सकाळी क्लोनाझेपामची गुंगी. मामांनी लेथजवळ उभं राहू दिलं नाही. झोपेची किंवा चिंतेची गोळी चालू असेल तर फिरत्या मशीनवर आणि गाडीवर बसू नका, हे मला डॉक्टरांनी नव्हे, मामांनी सांगितलं. या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होतो. हे आधी माहीत असतं तर आठव्या दिवशी सोडून द्यावंसं वाटलं नसतं. बायकोनं सोडू दिलं नाही.

दसऱ्यापर्यंत रडणं थांबलं होतं. रात्रीचे ते विचारही विरळ झाले. म्हणजे गोळी काम करत होती. पण अंग तसंच जड, थंडी तशीच, डोकं तसंच बोथट. १४ ऑक्टोबरच्या फेरीत हे सांगितलं तर उत्तर मिळालं, "वेळ लागतो." फी ४००.

३ नोव्हेंबर, भाऊबीज. अक्का गडहिंग्लजहून आली. ती नर्स आहे, पंचवीस वर्षं वॉर्डात काढलीत. ओवाळायला समोर बसली, निरांजन वर नेलं आणि तिथंच थांबली. "तुझा आवाज असा घोगरा कधीपासून झाला रे?" मग माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "डोळ्यांखाली बघ किती सूज हाय. आरशात बघतोस का न्हाईस?" हाताची कातडी चिमटीत धरली, कोरडी खरखरीत. नाडी धरली, घड्याळ बघितलं, छप्पन्न. "थायरॉईड बघितलंय काय कुणी?" मी म्हटलं, तो बायकांचा आजार. ती चिडली. "मी उद्या जात न्हाई मग. तुझं रक्त दिल्याशिवाय हलत न्हाई मी हितनं." बायकांत प्रमाण जास्त हे खरं, पण पुरुषांनाही होतो, आणि पुरुषांत कुणाच्या डोक्यात येत नाही म्हणून उशिरा सापडतो.

५ नोव्हेंबरला सकाळी उपाशीपोटी राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये गेलो. चिठ्ठी नव्हती, अक्कानं तोंडानं यादी सांगितली: सीबीसी, थायरॉईडसाठी टीएसएच आणि फ्री टी-४, बी-१२, तीन महिन्यांची साखर, सोडियम, क्रिएटिनिन, लिव्हर, कोलेस्टेरॉल. सगळं मिळून २,३५०. तिथल्या मुलीनं विचारलं, केसांसाठीच्या गोळ्या चालू आहेत का? त्यात बायोटिन असतं आणि त्यानं थायरॉईडचे आकडे फसवे येऊ शकतात, म्हणून काही दिवस आधी बंद ठेवायला सांगतात. बी-१२ चं इंजेक्शन किंवा कॅप्सूल घेऊन लगेच बी-१२ तपासण्यातही अर्थ नसतो, आकडा वर दिसतो.

संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट आला. टीएसएच ३८.६, नॉर्मल साधारण ०.४ ते ४. फ्री टी-४ कमी, म्हणजे थायरॉईड ग्रंथी मंदावलेली. बी-१२ १४८, ते २०० च्या वर हवं. हिमोग्लोबिन १२.१, पुरुषाचं १३ च्या वर असावं. कोलेस्टेरॉल वाढलेलं. सोडियम ठीक. रिपोर्टवर वय ४४ ऐवजी ३४ आणि आडनावात एक अक्षर चुकलेलं. ते दुरुस्त करून घ्यायला दोन दिवस आणि दोन फेऱ्या गेल्या. पावती हातात आल्या आल्या नाव, वय, लिंग तिथल्या तिथं बघून घ्या. पुढे विम्याला, दुसऱ्या डॉक्टरला तोच कागद लागतो.

८ नोव्हेंबरला एमडी फिजिशियनकडे गेलो. त्यांनी गळ्याला हात लावून बघितला, गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडून परत यायला किती वेळ घेतोय ते बायकोलाही दाखवलं. ईसीजी काढला, २५० रुपये. आणखी एक तपासणी, अँटी-टीपीओ, ९०० रुपये, ती पॉझिटिव्ह. म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती थायरॉईड ग्रंथीवर उलटलेली. बी-१२ का कमी, तर मी सहा वर्षं रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी मेडिकलमधून आपल्या मनानं आणून खात होतो, आणि माळकरी घर असल्यानं मटण-अंडी नाहीत. पोटातलं आम्ल दाबलं की अन्नातलं बी-१२ नीट सुटत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांचंही बी-१२ असंच उतरतं, हे त्यांनीच सांगितलं.

थायरॉईडची गोळी, थायरॉक्सिन ५० मायक्रोग्राम, सुरू झाली. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर पाऊण तास चहा नाही. उठल्या उठल्या चहा लागणाऱ्या माणसाला ती पाऊण तासाची शिक्षा वाटते. मी बाटली उशाशी ठेवली, पाचला पहिल्या गजराला गोळी घेऊन परत पडायचं, असं जमवलं. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यात आणि यात चार तास अंतर. बी-१२ ची इंजेक्शनं आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. जाताना ते म्हणाले, "मनाची गोळी अचानक बंद करू नका. ती देणाऱ्या डॉक्टरला हे कागद दाखवा."

त्या रात्री मला भयंकर राग आला. सहा आठवडे. तीनशे रुपयांची एक तपासणी. घरातही तोच सूर: "म्हणजे डोक्याचं काही नव्हतंच, थायरॉईड होतं." सासरे फोनवर म्हणाले, "सुटलास बघ." मला तो सूर हवाहवासा वाटला, हे कबूल करतो. थायरॉईड झालाय हे उद्यमनगरात कुणालाही सांगता येतं. गोळ्यांची पाकिटं फेकून द्यायला निघालो होतो. अक्कानं फोनवर अडवलं. "गोळीनं तुझं रडणं थांबलं हे विसरलास काय?"

१९ नोव्हेंबरला दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. या वेळी अक्काच्या सांगण्यावरून एका कागदावर सगळं लिहून नेलं: त्रास कधीपासून, वजन किती वाढलं, घरात कुणाला काय आजार, आणि चालू असलेल्या झाडून सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत. पहिल्या भेटीची फी १,०००, पण मॅडमनी पन्नास मिनिटं दिली. नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली, गेल्या दोन आठवड्यांबद्दलची, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. मला सत्तावीसपैकी सतरा पडले. मग त्यांनी जे विचारलं ते आधी कुणी विचारलं नव्हतं. कधी असे दिवस गेलेत का, की झोप न घेताही अंगात प्रचंड जोर, डोक्यात योजनाच योजना, पैसे उधळले? घरात कुणाला तसं होतं का? कारण तो आजार, म्हणजे बायपोलर, असेल आणि नुसती नैराश्याची गोळी दिली, तर माणूस उलट दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. त्यासाठी रक्त लागत नाही, दोन प्रश्न लागतात. दारू किती, हेही विचारलं. पाकिटं टेबलावर ओतल्यावर त्यातलं कंबरदुखीचं पाकीट त्यांनी बाजूला काढलं. एसिटालोप्रामसारख्या गोळ्यांबरोबर अशा वेदनाशामकांनी पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्यांनी तर वेगळाच घोळ होऊ शकतो.

मी सरळ विचारलं, "मॅडम, आधी तपासण्या करायला नको होत्या काय?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, वजन वाढलंय, थंडी सोसत नाही, पोट साफ नाही, आवाज बसलाय, एवढं ऐकल्यावर टीएसएच सांगायलाच हवी होती. पण प्रत्येकाला वीस तपासण्या हेही बरोबर नाही. विशीतलं पोर, शरीराची कसली तक्रार नाही, त्याला नुसत्या बोलण्या-तपासण्यावरून निर्णय घेता येतो. साठी ओलांडलेला माणूस, त्यात बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर सोडियम बघायलाच लागतं, कारण या गोळ्यांनी ते उतरू शकतं. हृदयाचा त्रास असेल तर ईसीजी, कारण एसिटालोप्राममुळे ठोक्यांच्या तालावर परिणाम होऊ शकतो. "आणि तुमच्या डोक्यात मरणाचे विचार होते. मी असते तर गोळी त्याच दिवशी दिली असती, रिपोर्टची वाट बघितली नसती. रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायला लावलं असतं."

हे ऐकल्यावर माझा राग निवळला असं नाही, पण जागेवर आला. सहा आठवडे वाया गेले ते गोळी दिल्यामुळे नाही, शरीराकडे कुणी बघितलंच नाही म्हणून. माझं मत आता असं झालंय: पहिल्या भेटीत हात लावून तपासणं, वजन, चालू औषधांची यादी, आणि त्या बोलण्यातून ज्याची शंका येईल ती रक्ततपासणी, एवढं व्हायलाच हवं. डॉक्टरांनी सुचवलं नाही तर आपण विचारावं. "तपासणी लागते काय" असं मोघम नको, "माझं वजन वाढलंय, थंडी सोसत नाही, थायरॉईड आणि बी-१२ बघून घेऊ का?" असं. उलट बाजूनंही सांगतो. रिपोर्टच्या मागे लागून गोळी पुढं ढकलू नका, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून "तुला काही झालेलं नाही" असं घरच्यांना म्हणू देऊ नका.

माझ्याच बाबतीत बघा. ३ जानेवारी २०२५ ला टीएसएच ९.२ वर आलं. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबूनच ती परत तपासतात, आधी करून पैसे घालवू नयेत. मार्चमध्ये ५.१, मेमध्ये २.८, गोळी ५० ची ७५ आणि मग ८८ झाली. बी-१२ मार्चमध्ये ६१२. थंडी गेली, आवाज उघडला, वजन ७३. जानेवारीच्या शेवटी बोअरचा आकडा पहिल्या झटक्यात वहीत लिहिला तेव्हा मामांकडे बघितलं, त्यांनी नुसती मान हलवली. पण पहाटे चारला जाग येऊन छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं ते फेब्रुवारीतही होत होतं. प्रश्नावलीचे गुण सतराचे अकरा झाले, पण अकराच. थायरॉईडनं सगळं झालं नव्हतं. २०२३ मध्ये भागीदार वेगळा झाला, निम्मं काम घेऊन गेला, मशीनचं कर्ज माझ्या एकट्याच्या नावावर राहिलं. ते मी कुणाजवळ बोललोच नव्हतो. मॅडमनी समुपदेशकांकडे पाठवलं. सात बैठका, प्रत्येकी ८००. तिसऱ्या बैठकीत मी भागीदाराचं नाव घेतलं. एप्रिलमध्ये गुण चारवर आले.

बरं वाटल्यावरही गोळी सहा महिने चालू ठेवायची, असं मॅडमचं म्हणणं. ऑक्टोबर २०२५ मध्ये कमी करायला सुरुवात केली: दहाची पाच, मग पाचचीच गोळी एक दिवसाआड. दोनदा मान वळवताना डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं झालं. घाबरून फोन केला, त्यांनी आधीच्या डोसवर दोन आठवडे परत नेलं आणि मग पुन्हा हळू उतरवलं.

पैशांचं सांगतो, कारण कुणी सांगत नाही. सगळ्या फिया, तपासण्या, बैठका आणि औषधं धरून पंधरा महिन्यांत साधारण साडेचोवीस हजार. बुडालेलं काम वेगळं. विम्याच्या एजंटकडे फाइल दिली होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायला विमा कंपन्यांना सांगितलंय, पण माझ्या पॉलिसीत ॲडमिट झाल्याशिवाय काहीच मिळत नव्हतं, त्यामुळे थायरॉईडचेही नाहीत आणि मनाचेही नाहीत. पॉलिसी काढताना ओपीडीचं विचारून घ्या. पैसे नसतील, किंवा रात्री मला यायचे तसे विचार येत असतील, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मला तो तेव्हा माहीत नव्हता.

८ डिसेंबरला टीएसएचही परत दिली, २.४ आली. थायरॉक्सिन चालूच राहणार, बहुतेक कायमचं. इंजेक्शन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, ते टोचायला अक्का गडहिंग्लजहून येते.